कड तिप्पट, पोट नऊपट

आक्का, तुझ्याविषयी लिहायचं तर भांडणापासूनच सुरुवात करायला हवी. तुला जाऊन दोन आठवडे झाले. घरी भेटायला येणारी माणसं तुझ्या सोसण्याविषयी बोलतात, तुझ्या शांत स्वभावाविषयी बोलतात आणि मी मान डोलावतो. डिलाईल रोडच्या आपल्या चाळीत तुझा आवाज तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचा, नळावरच्या बायका तू येताना दिसलीस की आपापल्या कळशा सरळ रांगेत लावायच्या, हे त्यांना माहीत नाही असं थोडंच आहे? पण गेलेल्या माणसाला शांत करून टाकायची आपल्याकडे रीतच आहे. मला त्या शांत बाईशी काही कर्तव्य नाही. मला माझी भांडखोर बहीण हवी आहे. तिच्याशी चाललेला एक वाद अर्धाच राहिलाय आणि तिच्यापासून मी एक गोष्ट लपवून ठेवली होती.

वाद कसला, तर क्षेत्रफळाचा. लोकांच्या घरात भावा-बहिणींची भांडणं जागेवरून होतात. आपलीही जागेवरूनच झाली म्हणायची, फक्त ती जागा वहीतली होती.

त्याची सुरुवात झाली तेव्हा मी अकरावीत, म्हणजे एस.एस.सी.च्या वर्षाला होतो. प्रमेयं मोठ्याने घोकायची मला सवय होती आणि एका खोलीच्या घरात ती सगळ्यांनाच ऐकावी लागत. दोन समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर त्यांच्या संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराइतकं असतं. तू मिलमधून पाळी करून आली होतीस, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातलं कापसाचं पीस अजून केसांत होतं, आणि शेजारच्या बाळंतिणीसाठी दुपटं शिवायला बसली होतीस.

"समरूप म्हंजे रे काय?"

"आकार तोच, माप वेगळं."

"अन् ते क्षेत्रफळ?"

"आत किती जागा आहे ते."

तुझी सुई थांबली. "मग ह्यात पाठ काय करायचं? दोन हाताचं दुपटं अन् चार हाताची वाकळ. लांबी दुप्पट, रुंदीबी दुप्पट. ठिगळं चौपट लागत्यात. काठाची पट्टी तेवढी दुप्पट. कुठल्याबी बाईला इचार."

मी हसलो. पुस्तकात दीड पान सिद्धता होती, त्यात लंब टाकले होते, गुणोत्तरं मांडली होती आणि तू ती चिंध्यांत गुंडाळून माझ्यासमोर ठेवलीस. चौथीनंतर तुझी शाळा सुटली होती. मी शिकावं म्हणून सुटली होती, हे आपल्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही, तूही नाही. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. सिद्धता मधेच विसरलो आणि मग डोळ्यांपुढे तुझं दुपटं आलं. लांबीचे दोन, रुंदीचे दोन. तिथून धागा सापडला आणि पेपर सुटला. घरी आलो तेव्हा तू विचारलंस, कसा गेला? मी म्हणालो, सोपा होता. आभार मानायचे राहिलेले आहेत आक्का, ते आज मानतो.

पुढे मी परळला शाळेत लागलो, तिथे भूमितीच शिकवू लागलो. तू संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत पुढे असायचीस आणि मी नोकरीच्या भीतीने चार रांगा मागे. एकदा तर तू तुरुंगातून सुटून आलीस आणि पायातलं पायताण काढायच्या आत मला विचारलंस, "वह्या तपासल्यास का रे?" माझ्या मास्तरकीचा तुला अभिमान होता आणि तो तू फक्त टोमण्यांतून दाखवायचीस. चारचौघांत मला 'तुम्ही मास्तर' म्हणायचीस. ते ऐकलं की समजायचं, आज आपली धडगत नाही.

राज्य व्हायच्या आदल्या वर्षी आपल्या चाळीच्या चौकात महाराष्ट्राचा नकाशा काढला होता, दहा हातांचा. रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून भुसा आणायचा, तो केशरी रंगवायचा, वाळवायचा आणि बोटभर जाडीने पसरायचा, वर चुन्याची कड. ही सगळी तुझी कल्पना. चार गोणी भुसा लागला आणि एक बादली चुना. मैदानापलीकडच्या चाळींतली माणसं बघायला आली. ती आपल्या चौकात पहिल्यांदाच पाय ठेवत होती. आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली माणसं, त्याआधी कोण होतो ते सगळ्यांना ठाऊक. मोर्च्यात खांद्याला खांदा लागायचा, पण मोर्चा संपला की ज्याची चाळ त्याला.

म्हणून राज्य होणार हे नक्की झाल्यावर समितीचे तात्या आपल्या खोलीत आले ते मला आजही लख्ख आठवतं. तात्या म्हणजे मैदानापलीकडच्या चाळीतले जॉबर, मिलमध्ये त्यांच्या शब्दावर माणसं लागायची आणि सुटायची. ते आले, चटईवर बसले, तुझ्या हातचा चहा बशीत ओतून प्यायले आणि म्हणाले, "मैदानात तसाच नकाशा पायजे. तीस हाताचा. मिरवणूक पाच वाजता तितंच येनार. काम तुमच्या चाळीनं करायचं." ते गेल्यावर तू ती कपबशी धुतली नाहीस कितीतरी वेळ.

मग समितीची बैठक झाली. माणसं दाटीवाटीने बसलेली, बायका दाराशी. तात्यांनी हिशेब एका दमात केला. "नकाशा तिप्पट, भुसा तिप्पट. चार त्रिक बारा गोन्या. चुना तीन बादल्या."

दारातून तुझा आवाज आला. "चुना बरोबर हाय तात्या. भुसा बारा न्हाई, छत्तीस."

सगळे हसले. तात्याही हसले, पण मायेने. "आगं सुंदराबाई, नकाशा तोच हाय न्हवं? तिपटीचं नऊपट कसं करतीस?"

"कड तिप्पट, पोट नऊपट. लांबीबी वाढली, रुंदीबी वाढली. वाकळ शिवल्यावानी हाय."

"वाकळ अन् महाराष्ट्र येक व्हय? हे मास्तर बसलेत की. इचारा त्यास्नी."

आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आक्का, मला ते येत होतं. मी ते दर वर्षी चाळीस मुलांना शिकवत होतो. मी म्हणालो, "बघावं लागेल. पुस्तकात त्रिकोणाचं दिलेलं आहे. नकाशाची कड वाकडीतिकडी आहे." खोटं नव्हतं. वाकड्या आकृतीची सिद्धता मला खरोखरच माहीत नव्हती. पण उत्तर नऊच येणार हे मला माहीत होतं आणि तेवढंच मी बोललो नाही. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि पदर खोचलास.

इथवरचं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही, किंवा असेलही. तात्या विडी ओढायला बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, खरं काय ते सांगा." मी त्यांना खरं सांगितलं नाही. मी म्हणालो, "मधलं धरा तात्या. सहापट."

का म्हणालो? पहिल्यांदाच आपल्या चाळीला काम मिळालं होतं आणि ते भुशाच्या वादात जाऊ नये असं वाटलं. तात्यांना भरसभेत एका बाईने चुकीचं ठरवावं, आणि ती माझी बहीण असावी, ह्याची धास्ती वाटली. आणि खरं सांगायचं तर, चौथी शिकलेल्या बहिणीने एस.एस.सी. झालेल्या मास्तरांना गणित शिकवावं हेही कुठेतरी झोंबलं. पहिली दोन कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. तिसरं आज पहिल्यांदा लिहितोय.

तात्या आत गेले आणि म्हणाले, "तुझं ऱ्हाऊ दे, माझंबी ऱ्हाऊ दे. सहापट. चोवीस गोन्या." सगळ्यांना बरं वाटलं. मधलं काहीतरी निघालं की बैठकीत सगळ्यांनाच बरं वाटतं. तू मात्र म्हणालीस, "ह्यात मधलं नसतंय तात्या. साडेतीन वर्सं मधल्या राज्यात काढली, अजून हौस फिटली न्हाई व्हय?" महाराष्ट्र-गुजरात एकत्र बांधलेल्या द्विभाषिक राज्याचा तो टोला सगळ्यांना कळला, हशा पिकला, आणि चोवीस गोण्या मंजूर झाल्या.

तो दिवस आठवला की अजून हसू येतं. मैदानाचं फाटक पश्चिमेला, नकाशातल्या मुंबईच्या बाजूला. भरलेल्या भागावर पाय पडू नये म्हणून लांबच्या टोकापासून सुरुवात केली, म्हणजे चांदा-नागपूरपासून, आणि मागे मागे फाटकाकडे सरकत आलो. चुन्याची कड सकाळीच आखून झाली होती. बरोबर तीन बादल्या लागल्या आणि तात्या विजयी मुद्रेने फिरत होते. "बगा, तिप्पट. मी काय म्हनलो हुतो?" विदर्भ झाला, मराठवाडा झाला, खानदेश झाला. जेवणवेळेला सोलापूर, नगर, नाशिक भरत आलं. मग गोणी झटकायची पाळी आली.

चोवीस गोण्या संपल्या होत्या. पुणे, सातारा, कोल्हापूर, सगळं कोकण आणि मुंबई, ही सगळी उघडी माती. ज्या शहरासाठी माणसं गोळ्या खाऊन पडली, तेवढंच नेमकं आपल्या नकाशात नव्हतं. फाटकाशी माणसं जमू लागली. कुणीतरी ओरडलं, "मुंबईवाचून महाराष्ट्र मांडलाय काय रे?" दुसरा म्हणाला, "काम कुणाला दिलंय बघा की." त्या दुसऱ्याच्या बोलण्यात जे होतं ते आपल्या चाळीतल्या प्रत्येकाने ऐकलं. मी ते सगळ्यांत जास्त ऐकलं, कारण सहा माझे होते.

तात्या म्हणाले, पातळ पसरा, विदर्भातला भुसा इकडं ओढा. दोघांनी ओढून पाहिला, खालची माती दिसायला लागली. वखारी त्या दिवशी बंद. भुसा आणला असता तरी रंगवून वाळवायचा कधी? तात्या मटकन खाली बसले, सीमेच्या चुन्यावरच. त्या दांडग्या माणसाला तसा बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा तू आलीस. नऊवारीचा काष्टा आवळलेला, हात कोपरापर्यंत केशरी. मागे तुझ्या खात्यातल्या बायका, पुढे पार्वतीबाई. त्या मोकळ्या हातांनी आल्या होत्या आणि मी मनात म्हटलं, आता ही सगळ्यांसमोर वाभाडे काढणार. तू तात्यांपुढे उभी राहिलीस.

"तात्या, किती कमी पडलं?"

"पडलं खरं."

"किती, ते सांगा."

मग तू माझ्याकडे वळलीस. "मास्तर, तुम्ही सांगा. तीस हाताच्या नकाशाला किती गोन्या?"

फाटकाशी शंभर-सव्वाशे माणसं असतील. मी म्हणालो, "छत्तीस."

"म्हंजे किती पट?"

"नऊ."

"मोठ्यानं बोला. वर्गात बोलता तसं."

"नऊपट," मी ओरडलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा भूमिती शिकवताना माझा आवाज फाटला.

तू पार्वतीबाईंना खूण केलीस. बायका आपल्या चाळीत शिरल्या आणि जिन्यावरून गोण्या खाली येऊ लागल्या. एक, दोन, पाच, आठ. बारा. सगळ्या केशरी, खडखडीत वाळलेल्या. बैठकीच्या दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पाळी सुटल्यावर हातगाडी घेऊन लालबागवरून रे रोडला जात होता, भुसा रंगवून गॅलऱ्यांतून वाळवत होता. सगळ्या चाळीने तो वाळताना पाहिला होता. चोवीसातलाच असेल असं समजून कुणी मोजला नाही, मी रोज त्याला वळसा घालून शाळेत गेलो तरी मोजला नाही.

मग जे झालं ते काम नव्हतं, उत्सव होता. दोन्हीकडच्या चाळी मैदानात उतरल्या. मघाचा तो 'काम कुणाला दिलंय' म्हणणारासुद्धा गुडघ्यावर बसून सातारा भरत होता आणि पार्वतीबाई त्याला, "जाडी बोटभर ठेव रे, पोळी लाटतोस काय," म्हणून दटावत होत्या. कोकणची किनारपट्टी तू एकटीने भरलीस, चिमटीचिमटीने, प्रत्येक खाडीत बोट घालून. शेवटी मुंबईएवढी जागा राहिली. तू ओंजळ भरलीस आणि तात्यांना म्हणालीस, "ह्ये तुमी भरा." त्यांनी भरली. तुझ्याच ओंजळीतून घेऊन भरली, सगळ्यांदेखत. पाच वाजता मिरवणूक आली तेव्हा ढोलताशाचा आवाज तुझ्यापुढे कमी पडत होता. तू ओरडून ओरडून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतीस, "मोजा, मोजा, छत्तीस गोन्या हायेत." महाराष्ट्र झाल्याचा आनंद आणि नऊ खरे ठरल्याचा आनंद, ह्यात तुला त्या दिवशी कोणता जास्त झाला हे मला नक्की माहीत आहे. मी कुणाला सांगणार नाही.

अर्धी गोणी उरली होती. ती घेऊन आपण घरी आलो आणि मी चेव येऊन म्हणालो, "म्हणजे पुरते नऊ नाहीत. वाकड्या आकृतीला प्रमेय लागतंच असं नाही." तिथून आपला खरा वाद सुरू झाला आणि तो तू रुग्णालयातल्या खाटेवरूनही सोडला नाहीस. छातीतून शब्द फुटत नव्हता तरी भूमितीला दम पुरायचा.

"वाकडी कड आसंल तर ठिगळं ल्हान घे."

"लहान घेतली तरी कडेला फट राहते, आक्का."

"फटीला आनखी ल्हान ठिगळ लाव."

"तरी राहते. पुस्तकाच्या दृष्टीने ही सिद्धता नाही."

"पुस्तकाला वाकळ शिवाय येत न्हाई, त्याला मी काय करू?"

परिचारिका वेळ झाली म्हणाली. मी उठलो आणि जाता जाता म्हणालो, उद्या बघू. तो उद्या आपल्या वाट्याला आला नाही. ह्या एका गोष्टीने मला पुष्कळ रडवलं आहे. सहाची गोष्ट उद्या सांगू, फटीचं उद्या बघू, असं म्हणत मी तुझे दिवस घालवले.

तू गेल्यावर आठव्या दिवशी मी वही घेऊन बसलो. नकाशावर चौकटी पाडल्या. चौकटीची ठिगळं तिप्पट केली की प्रत्येक नऊपट होतं, त्यात वादच नाही. उरल्या कडेच्या फटी. मग लक्षात आलं की ठिगळं लहान लहान करत गेलं तर सगळ्या फटी मिळून हव्या तेवढ्या कमी करता येतात, आणि नकाशा तिप्पट केला तरी त्या फटी झाकणारी ठिगळं फार तर नऊपट होतात, म्हणजे तीही हवी तेवढी कमी करता येतात. नवापेक्षा कमी म्हणायला जागा उरत नाही, जास्त म्हणायलाही नाही. तू म्हणत होतीस तेच, एका अक्षराचा फरक नाही. मी इतका मोठ्याने हसलो की आई गॅलरीतून आत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं असेल, पोराचं डोकं फिरलं. मी तिला म्हणालो, आई, आक्का जिंकली.

काल समितीने तुझी शोकसभा ठेवली होती. तात्या बोलायला उठले. त्यांनी भुशाची सगळी गोष्ट सांगितली आणि म्हणाले, "सहा मी म्हनलो हुतो. चूक माझी. त्या बाईनं माझी लाज राखली." इतके दिवस हा माणूस माझे सहा आपल्या अंगावर घेऊन मैदानभर फिरला होता, आणि माझ्याकडे एकदा साधं बोटही केलं नव्हतं. मला बसवेना. मी उभा राहिलो.

"सहा तात्यांचे नव्हते. माझे होते. तिचे नऊ बरोबर आहेत हे मला बैठकीतच माहीत होतं. मी शिकवतो ते. मी भ्यालो."

तात्या खाली मान घालून बसले होते. मागून पार्वतीबाई म्हणाल्या, "ती आसताना का न्हाई बोललास रे?"

"धीर झाला नाही."

"मग आता तरी नीट सांग. वाकड्याला कसं लागतंय ते. ती लई डोकं फोडायची त्यापायी."

सभेच्या खोलीत साक्षरतेच्या वर्गाचा फळा होता. मी खडू घेतला. शोकसभेत भूमिती कुणी शिकवली नसेल, पण मी शिकवली. वाकडी कड काढली, ठिगळं काढली, फटी दाखवल्या, त्या लहान करत नेल्या. वाइंडिंग खात्यातल्या बायका पुढे सरकून बसल्या आणि प्रत्येक पायरीला मान हलवत होत्या, जणू मी त्यांना त्यांच्याच घरची गोष्ट सांगत होतो. शेवटी नऊ लिहून मी खडू ठेवला.

तात्या उठले. सावकाश पुढे आले, फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, प्रमेयाला नाव आसतंय न्हवं? मग लिवा की."

मी खडू पुन्हा उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, सुंदराबाईचं प्रमेय. आक्का, शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. काल सगळी सभा उभी राहिली आणि वाजवतच राहिली.